उंदीर पडला तेव्हा : प्लेगकालीन मराठी आत्मकथने आणि मुलांचे रोगज्ञान

मराठी आत्मचरित्रांतून १८९६ नंतरच्या दोन-तीन दशकांतील बालपण सांगितले जाऊ लागले की प्लेग फार काळ बाहेर राहत नाही. कुणाचे वडील त्यात जातात, कुणाची शाळा बंद पडते, कुणाचे बिऱ्हाड भांड्याकुंड्यांसह गावाबाहेरच्या झोपडीत जाते. या प्रसंगांचे वाचन प्रायः दोन अंगांनी होते. एक तर ते सामाजिक इतिहासाचे साधन मानले जातात, नाही तर लेखकाच्या जडणघडणीतील आघात म्हणून त्यांची चरित्रात्मक नोंद घेतली जाते. दोन्ही वाचनांत एक प्रश्न निसटतो : ज्या मुलाच्या डोळ्यांदेखत हे घडले त्याला रोगाविषयी त्या वेळी काय समजले होते? आत्मचरित्रकार स्वतःच हा प्रश्न पुष्कळदा मिटवून टाकतो. आपण तेव्हा लहान होतो, आपल्याला काय कळणार, अशा आशयाचे एखादे वाक्य टाकून तो पुढे सरकतो. हे वाक्य नम्रतेचे वाटते. कथनाच्या दृष्टीने मात्र ते सत्तांतराचे वाक्य आहे. अनुभवणाऱ्या ‘मी’कडून सूत्रे काढून घेऊन ती निवेदन करणाऱ्या ‘मी’च्या हाती देण्याचे काम ते करते, आणि निवेदन करणाऱ्या ‘मी’ला तोवर उंदीर, पिसू व जंतू यांची साखळी ठाऊक झालेली असते.

प्रस्तुत विवेचनाचा विषय ही साखळी ठाऊक नसलेले मूल हा आहे. त्याचे अज्ञान गृहीत धरण्यापूर्वी त्याच्या भोवतीच्या मोठ्या माणसांना काय माहीत होते हे पाहणे आवश्यक ठरते. ते पाहू गेल्यास असे दिसते की, प्लेगच्या पहिल्या दशकात मूल आणि प्रौढ यांच्या रोगज्ञानातील अंतर आज वाटते तेवढे नव्हतेच. ते अंतर नंतर, लेखनाच्या टेबलावर निर्माण झाले.

मुंबईच्या मांडवी भागात डॉ. ए. जी. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले ते सप्टेंबर १८९६ मध्ये. रोगाचा जंतू त्यापूर्वी दोन वर्षे, १८९४ साली, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांद्र येर्सँ यांना सापडला होता. म्हणजे जंतू ज्ञात होता. तो माणसापर्यंत कोणत्या वाटेने येतो हे ज्ञात नव्हते. ही वाट दाखवण्यासाठी जमीन, कोंदट हवा, गटारे, धान्याची कोठारे, कपडेलत्ते, दाटीवाटीची वस्ती असे नाना तर्क पुढे आले. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून उंदरांच्या अंगावरील पिसवा रोग वाहून नेतात असे प्रतिपादन केले, परंतु तत्कालीन वैद्यकवर्तुळाने ते मनावर घेतले नाही. परळच्या प्रयोगशाळेत १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने केलेल्या प्रयोगांनंतर पिसवेची भूमिका सर्वमान्य झाली. मधल्या आठ-नऊ वर्षांत राज्यकर्त्यांनी जे उपाय योजले ते सर्व या अनिश्चिततेच्या पोटी जन्मलेले होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. त्यापाठोपाठ घरझडत्या आल्या, विलगीकरणाच्या छावण्या आल्या, रेल्वेस्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. घरांवर कार्बोलिकचे पाणी फवारले गेले, भिंतींना चुना लागला, आत ऊन पडावे म्हणून कौले उचकटली गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या मुंबईतील घरांवर यू. एच. एच. ही अक्षरे रंगवली जात. या सर्व उपायांचा रोख माणूस, त्याचे घर आणि त्याची घाण यांच्यावर होता. उंदीर मरताना दिसत होते, त्यांची चर्चाही होत होती. पण माणसाप्रमाणे उंदरालाही त्याच जागेतून रोग होतो, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळदा लावला जाई.

याच काळात लोकांनी एक नियम बसवला. घरात उंदीर पडला की घर सोडायचे. ‘उंदीर मरणे’ आणि ‘उंदीर पडणे’ यांत मराठी भाषकाला जो फरक जाणवतो तो याच अनुभवाने पक्का केला असावा. मांजराने मारलेला उंदीर ‘मेलेला’ असतो. ‘पडलेला’ उंदीर कोणी मारलेला नसतो. तो माळ्यावरून, आढ्यावरून, सर्वांच्या देखत खाली येतो आणि त्याबरोबर घराचे दिवस भरतात. हा नियम कार्यकारणाचा नव्हता, चिन्हाचा होता. आकाशात ढग आले की वाळवण उचलावे, तसा उंदीर पडला की सामान उचलावे. पिसवांचे गणित कळल्यावर असे ध्यानात आले की यजमान उंदीर मेल्यानंतर भुकेल्या पिसवा माणसाकडे वळतात. म्हणजे त्या घटकेला घर सोडणे हा उपाय कार्बोलिकच्या पिंपांपेक्षा अधिक उपयोगी होता. आणि हा नियम समजण्यास कोणत्याही शिक्षणाची गरज नव्हती. सहा-सात वर्षांच्या मुलाला तो पुरता समजत होता. प्लेगविषयी त्या काळी उपलब्ध असलेले सर्वांत कामाचे ज्ञान मुलांच्या आवाक्यातले होते, हा विरोधाभास आत्मचरित्रकारांच्या फारसा लक्षात आलेला नाही.

येथे बालमानसशास्त्राची साक्ष काढण्याचा मोह होतो. झाँ पियाजे यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात मुलांच्या नैतिक निर्णयशक्तीचा विचार करताना ‘अंतर्भूत न्याया’ची कल्पना मांडली : लहान मुलाला वाटते की चुकीच्या वर्तनाची शिक्षा वस्तुजातच देते, चोरी करून पळणारा पुलावरून पडतो तो चोरी केली म्हणून. आजाराकडेही लहान मूल अशाच दृष्टीने पाहते असे पुढच्या अनेक अभ्यासकांनी मानले. रॉजर बिबेस आणि मेरी वॉल्श यांनी १९८० साली मुलांच्या रोगकल्पनांची एक शिडीच मांडली. तळच्या पायरीवर दूरची एखादी असंबद्ध घटना रोगाचे कारण वाटते, मग जवळ असण्याने रोग होतो असे वाटते, मग घाण अंगाला लागल्याने; पुढे रोग शरीराच्या आत शिरतो ही कल्पना येते आणि सर्वांत वरच्या पायरीवर शरीरव्यापाराचे व मनोव्यापाराचे आकलन असते. या शिडीवर पुढे आक्षेप आले. सूझन केरी यांनी १९८५ मध्ये दाखवले की मुलाला वयाने आलेली असमर्थता म्हणून जे पाहिले जाते ते पुष्कळदा विशिष्ट विषयाच्या माहितीचा अभाव एवढेच असते. मायकेल सीगल यांच्या १९८८ च्या अभ्यासात तर शाळेत न गेलेली मुलेही सर्दीची लागण आणि खोडीची शिक्षा यांत चांगला फरक करताना आढळली.

प्लेगच्या संदर्भात या शिडीवर आणखी एक आक्षेप घ्यावा लागतो. तिची वरची पायरी प्रौढांच्या ताब्यात आहे, हे तीत गृहीत धरलेले आहे. १८९७ मध्ये ती पायरी रिकामी होती. हवेतून, जमिनीतून, दाटीतून रोग येतो असे म्हणणारा आरोग्य अधिकारी त्याच शिडीवर दुसऱ्या वा तिसऱ्या पायरीवर उभा होता. गलिच्छ वस्तीला प्लेग होतो, या तत्कालीन सरकारी व सुशिक्षित मताकडे नीट पाहिले तर त्यात पियाजेंच्या बालकाचा अंतर्भूत न्यायच आरोग्यशास्त्राचा अंगरखा घालून उभा दिसतो : घाणेरडे राहिलात, शिक्षा झाली. अशा स्थितीत आत्मचरित्रातील मुलाला ‘अजाण’ म्हणण्याचा अधिकार निवेदकाला कोठून मिळतो? तो मिळतो केवळ काळाच्या ओघाने, लेखनाच्या क्षणी हाती असलेल्या ज्ञानाच्या बळावर. म्हणजे आत्मचरित्रातील मूल आणि त्याच आत्मचरित्रातील काका, आजोबा, वैद्य हे सगळे एकाच बाकावर बसलेले असतात. निवेदक मात्र मुलाला एकट्यालाच उठवून उभे करतो.

मुलाला भाषेने काय दिले होते ते पाहिले असता ही गोष्ट अधिक उलगडते. साथीच्या रोगांसाठी मराठीने शब्द दिले तसे क्रियापदांचे वेगवेगळे संच दिले. देवी ‘येतात’. त्या पाहुण्या आहेत, बहुवचनी आणि आदरार्थी आहेत. त्या आल्या असता घरात फोडणी द्यायची नाही, मोठ्याने बोलायचे नाही, कडुलिंबाचा पाला ठेवायचा. त्या जातात तेव्हा व्रण ठेवून जातात. गोवर ‘निघतो’, कांजिण्या ‘निघतात’. म्हणजे जे आत होते ते बाहेर पडते. लस टोचण्याला मराठीने ‘देवी काढणे’ म्हटले, आणि त्या शब्दप्रयोगात पाश्चात्त्य वैद्यकाची क्रिया अलगद जुन्या घरात राहायला आली. (हिंदुस्थानात ही लस प्रथम टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला, आणि नंतर ती एका दंडावरून दुसऱ्या दंडावर नेण्यात आली, हे येथे आठवावे. रोगप्रतिबंधाचे वाहन आरंभी मुलांचे शरीरच होते.) पटकी वा वाखा यांच्यामागे मरीआई उभी असते, तिचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडता येतो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला लोकांनी ‘मानमोडी’ म्हटले. त्या नावात ना देवता आहे ना कारण, केवळ शरीराला काय झाले ते आहे.

या सर्वांहून महत्त्वाचे क्रियापद ‘लागणे’ हे होय. रोगाची लागण होते. पण दृष्टही लागते, भूतही लागते, वेडही लागते, नादही लागतो. मराठी मुलाच्या जगात अदृश्य काहीतरी एका ठिकाणाहून निघून दुसऱ्याला ‘लागते’ ही गोष्ट जंतुशास्त्राची वाट पाहत थांबलेली नव्हती. प्लेग हा शब्द परका होता, आणि त्याला संस्कृत पेहराव देण्याचे ‘ग्रंथिज्वर’सारखे प्रयत्न घरगुती बोलण्यात रुजले नाहीत, मुलांच्या कानी आली ती ‘गाठ’. काखेत गाठ, जांघेत गाठ. ती हाताला लागते, मोजता येते, आईच्या चेहऱ्यावरून तिचा अर्थ कळतो. उंदीर आणि गाठ ही दोन चिन्हे व त्यांच्यामधले काही दिवस, एवढे मुलाचे प्लेगशास्त्र होते. त्यात चुकीचे काहीच नव्हते.

‘शिवणे’ हे दुसरे क्रियापद मुलांच्या खेळातले आणि मोठ्यांच्या सोवळ्यातले, दोन्हीकडचे. शिवणापाणीत ज्याच्यावर राज्य आहे तो दुसऱ्याला शिवतो आणि स्वतः मोकळा होतो. राज्य एकच असते, ते हातोहात फिरते. विटाळाचे तसे नाही. विटाळलेला दुसऱ्याला शिवला तर दोघेही विटाळतात, पण दोघांनाही स्नानाने वा ठरावीक दिवसांनी सुटका असते. रोगाची लागण या दोहोंहून निराळी : देणारा मोकळा होत नाही आणि पाण्याने ती जात नाही. मुलाला प्लेगच्या वेळी जे शिकावे लागले ते हे तिसरे व्याकरण. पहिली दोन त्याला उत्तम येत होती. त्यामुळे रोगाच्या संक्रमणाची कल्पना त्याला नव्याने समजावून द्यावी लागली असे म्हणण्यापेक्षा, त्याच्यापाशी असलेल्या दोन कल्पना अपुऱ्या पडल्या असे म्हणणे योग्य. येथे एक सावधगिरी मात्र हवी. मुलांच्या प्रत्येक खेळात साथीचा अवशेष शोधण्याची हौस अभ्यासकांना फसवते. ‘रिंगा रिंगा रोजेस’ हे इंग्रजी बालगीत लंडनच्या प्लेगमधून आले ही समजूत विसाव्या शतकात मराठी शाळांपर्यंत पोहोचली. आयोना व पीटर ओपी या लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ती निराधार ठरवली आहे. शिवणापाणी प्लेगमधून आलेले नाही. प्लेग समजून घ्यायला ते आधीपासून हाताशी होते, इतकेच.

विटाळाचे व्याकरण एखाद्या घरात किती टोकाला जाऊ शकते याचे विलक्षण चित्रण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’च्या आरंभी आहे. सत्तावनच्या बंडानंतर नातलगाला झालेल्या फाशीचा धक्का बसून वडिलांनी सोवळ्याचे जे वेड घेतले त्यात घरातले जिन्नसदेखील धुवून घेण्यापर्यंत मजल गेली होती. घरातील मुलांचे बालपण त्या पाण्यात भिजले. ‘स्मृतिचित्रे’तील निवेदन येथे अन्य आत्मचरित्रांहून वेगळी वाट धरते आणि त्यामुळेच या विषयासाठी ते मोलाचे आहे. वडिलांच्या वेडाला निवेदिका नंतरच्या ज्ञानाने झोडपत नाही. त्या घरात काय शिवले की काय होते याचा तर्क आतून, मुलांच्या सोयीगैरसोयीच्या अंगाने मांडला जातो, आणि हसू येते ते तर्काच्या काटेकोरपणाचे. मुलांना त्या व्यवस्थेचे नियम पाठ असतात, तिच्यातल्या पळवाटाही ठाऊक असतात. अदृश्य दोषाच्या संचाराचे इतके सविस्तर शिक्षण झालेल्या पिढीच्या हयातीत प्लेग आला, हे विसरून तिला ‘संसर्ग म्हणजे काय हे माहीत नव्हते’ असे म्हणणे ही वाचनातील चूक आहे.

अर्थात हे शिक्षण सर्वांना एकाच बाजूने मिळत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० नंतरच्या दशकात इंग्रजीत लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात १९०१ सालचा प्रवास सांगितला आहे. साताऱ्याहून निघालेली, चांगल्या कपड्यांतील ही मुले मसूर स्थानकावर उतरतात. स्थानकप्रमुख त्यांच्याशी आपुलकीने बोलतो. ती महार आहेत हे कळताच तो मागे सरतो. गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही त्यांच्याशेजारी बसायला तयार होत नाही. मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने पायी चालायचे असे ठरते. हा प्रसंग जातीच्या संदर्भात पुष्कळदा सांगितला गेला आहे. प्रस्तुत संदर्भात त्याचे महत्त्व असे की त्यात शरीर बदललेले नाही, कपडे बदललेले नाहीत, केवळ एक शब्द उच्चारला गेला आहे. लागण शब्दाने झाली. शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसण्याची सवय असलेल्या दहा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी समजले ते असे की, जपायचे कशापासून, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच; इतर त्याच्यापासून जपत होते. त्याच वर्षांत दख्खनच्या जिल्ह्यांतून प्लेग फिरत होता आणि सवर्ण घरांतील मुलांना आपलेच माणूस दूर ठेवण्याचा अनुभव नव्याने येत होता. छावणीच्या कनातीमागे गेलेल्या बापाजवळ जाता येत नाही, ही त्या मुलांना आलेली अघटित गोष्ट. दलित मुलाला त्यातले निम्मे शास्त्र अगोदरच शिकवून झालेले होते. प्लेगकालीन ‘बालमन’ असे एकवचनी पद वापरणाऱ्या समीक्षेने या भेदाचा हिशेब केलेला नाही.

वि. दा. सावरकरांच्या ‘माझ्या आठवणी’ या संदर्भात विशेष लक्षपूर्वक वाचाव्या लागतात. त्यांच्या आईचा मृत्यू १८९२ साली पटकीने झाला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. १८९९ मध्ये भगूर येथे प्लेगने वडील गेले, पाठोपाठ चुलते गेले, धाकटा भाऊ नारायण यालाही रोगाने गाठले आणि त्याची शुश्रूषा करताना थोरले बंधू बाबाराव हेही आजारी पडले. दोघे भाऊ वाचले. सावरकर त्या वेळी सोळा वर्षांचे, म्हणजे बालपण आणि प्रौढपण यांच्या सीमेवर, होते. पुण्यातील रँडच्या वधाला दोन वर्षे झाली होती, चापेकर बंधू फासावर गेले होते, आणि त्या घटनांनी या मुलाच्या मनाचा कब्जा घेतला होता. त्यामुळे प्लेग हा रोग आणि प्लेग हे राजकारण ही दोन कथानके येथे एकमेकांत गुंफली जातात. चरित्रकारांनी साहजिकच दुसऱ्याला महत्त्व दिले. परंतु या कुटुंबात तेव्हा एक अकरा वर्षांचा मुलगाही होता, ज्याला प्रत्यक्ष गाठ आली होती. नारायणाचा प्लेग सांगितला जातो तो भावांच्या त्यागाची कथा म्हणून. वडील गेले आणि आपण राहिलो, आपली सेवा करताना थोरला भाऊ पडला, या क्रमाचा त्या मुलाने काय अर्थ लावला? अंतर्भूत न्यायाचा प्रश्न कोठे खरोखर उभा राहत असेल तर तो येथे. कथनाने त्या मुलाला वाचवले. बोलते केले नाही.

असे न बोलणारे मूल प्लेगच्या इतिहासात वारंवार भेटते. सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी प्लेगने मृत्यू झाला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या पुत्र यशवंत यांच्या हडपसरजवळील दवाखान्यापर्यंत गेल्या आणि त्यातून त्यांना लागण झाली, असे चरित्रकार सांगतात. मूल जगले. शालेय पुस्तकांपासून नाटकांपर्यंत हा प्रसंग पुनःपुन्हा येतो, आणि दर वेळी ते मूल पाठीवरच असते. त्याला पाठीवरून खाली उतरू दिले जात नाही. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी दंगा उसळला तोही मुलीवरून. प्लेगचा संशय असलेल्या एका बारा वर्षांच्या मुस्लिम विणकर मुलीला रुग्णालयात नेण्याचा शोधपथकाने प्रयत्न केला आणि सारी वस्ती खवळून उठली. इतिहासकारांनी या दंग्याचे विश्लेषण सत्ता, शरीर आणि परपुरुषाचा स्पर्श या अंगांनी केले आहे. त्या दिवशी आपल्याला कुठे नेत आहेत असे त्या मुलीला वाटले असेल, याविषयी दप्तरे मूक आहेत.

तिला काय वाटले असेल याचा एक धागा मात्र अफवांत सापडतो. डेव्हिड अर्नल्ड यांनी प्लेगकालीन अफवांचा जो अभ्यास केला त्यात रुग्णालयात नेलेल्या माणसाला मारून त्याची ‘मोमियाई’ काढतात ही समजूत ठळक आहे. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आर्थर रोड रुग्णालयावर गिरणी कामगारांनी हल्ला केला त्या वातावरणात असल्या कथा फिरत होत्या. मोमियाई ही मुळात मुलांना दाखवायच्या भीतीतली वस्तू. विल्यम क्रुक यांनी उत्तर हिंदुस्थानच्या लोकसमजुतींत मोमियाईसाठी मुले पळवणाऱ्यांची धास्ती नोंदवली आहे. म्हणजे १८९६ मध्ये मोठ्या माणसांनी राज्यकर्त्यांचे रुग्णालय समजून घेतले ते स्वतःच्या लहानपणी ऐकलेल्या बागुलबुवाच्या साहाय्याने. मूल मोठ्यांकडून रोग शिकते हा सरळ क्रम येथे उलटा झालेला दिसतो : मोठ्यांनी आपल्यातल्या मुलाकडून उसने घेतले.

पुढच्या पिढीत प्लेग ओळखीचा झाला आणि कथनातला त्याचा आवाज खाली आला. साने गुरुजींच्या औंधमधील विद्यार्थिदशेत तेथे प्लेग आला व विद्यार्थ्यांना घरी परतावे लागले. तेथे रोगाचे भय दुय्यम असून शिक्षण तुटण्याचे दुःख प्रधान आहे. यशवंतराव चव्हाणांचे वडील प्लेगने गेले तेव्हा ते जेमतेम चार-पाच वर्षांचे होते. त्या वयाची आठवण ही घरात ऐकलेल्या बोलण्यातून शिवलेली असते, आणि ‘कृष्णाकाठ’मधील तो भाग वाचताना बालकाच्या ज्ञानापेक्षा आईच्या सांगण्याचे रूप शोधणे अधिक फलदायी ठरेल. प्लेगमुळे मागे राहिलेल्या मुलांची संख्या अफाट आहे. हिंदुस्थानात या साथीने १८९६ पासूनच्या तीन-चार दशकांत सुमारे एक कोटी वीस लक्ष माणसे नेली. केशवसुतांचा मृत्यूही १९०५ साली हुबळीत प्लेगनेच झाला, आणि त्यांच्या पत्नीही पाठोपाठ गेल्या. मराठी काव्यसमीक्षा त्या तारखेपाशी कवितेचा हिशेब करते, घरात मागे राहिलेल्यांचा नाही; तिच्याकडून ती अपेक्षाही नसावी.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा लागू केला आणि शाळा बंद झाल्या. त्या वेळच्या मुलांची स्थिती प्लेगकालीन मुलांच्या नेमकी उलट होती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील चित्रकारांनी काढलेला, करड्या गोळ्यावर तांबडे कोंब असलेला विषाणू मुलांना रोगी दिसण्यापूर्वी दिसला. त्यांनी तो वहीत काढला, त्याला डोळे आणि दात दिले. कारण हाती होते, चिन्ह नव्हते. ज्याला काही झालेले दिसत नाही तोही रोग देऊ शकतो, आणि आजोबांना तो आपल्याकडून लागू शकतो, ही गोष्ट ‘उंदीर पडला’ इतकी सोपी नव्हती. शिडीची वरची पायरी या वेळी भरलेली होती, पण तिच्यावरून खाली पाहता पुढचा रुग्ण कोण हे सांगता येत नव्हते. मोठ्यांनाही येत नव्हते. भाजी आणि दुधाच्या पिशव्या धुणारी घरे ‘स्मृतिचित्रे’तील त्या घरापासून काही काळ फार दूर नव्हती.

भाषेने या वेळीही आपले काम केले. ‘कोरोना’ हा शब्द परकाच राहिला, ‘विषाणू’ पुस्तकी राहिला. मुलांच्या तोंडी बसले ते चाचणीच्या निकालाचे क्रियापद : बाबा पॉझिटिव्ह ‘आले’, शेजारचे काका पॉझिटिव्ह ‘निघाले’. ‘येणे’ हे देवींचे क्रियापद होते आणि ‘निघणे’ गोवराचे. हिंदुस्थानात देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला. ज्या मुलांनी हे शब्द २०२० मध्ये वापरले त्यांच्या आईवडिलांपैकीही बहुतेकांनी देवी आलेले माणूस पाहिलेले नव्हते.